आतड्यातील अनुपस्थित चेतापेशींचा शोध : हिर्शस्प्रुंगच्या व्याधीपासून मूलपेशी-संशोधनापर्यंतचा इतिहास

प्रस्तावना

रोगाचे कारण म्हणून एखादी वस्तू दाखवता आली, की ते कारण वैद्यकात लवकर मान्य होते. क्षयाचा जंतू, मूत्राशयातील खडा, आतड्यातील जंत ही त्याची परिचित उदाहरणे होत. परंतु जी गोष्ट असावयास हवी ती नसणे हेच जेथे रोगाचे कारण असते, तेथे शोधाची वाट लांबते. नसलेल्या वस्तूकडे बोट दाखविता येत नाही आणि तिच्या अभावाचे परिणाम मात्र दुसऱ्याच ठिकाणी डोळ्यांत भरतात. आतड्याच्या चेतासंस्थेचे विकार या प्रकारात मोडतात. त्यांपैकी सर्वांत अधिक अभ्यासला गेलेला विकार म्हणजे नवजात बालकांत आढळणारी हिर्शस्प्रुंगची व्याधी होय.

साधारणपणे पाच हजार जन्मांमागे एका बालकास ही व्याधी असते. मुलींपेक्षा मुलांत तिचे प्रमाण सुमारे चौपट आहे. अशा बालकाच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशींचे पुंजके, म्हणजे गुच्छिका, जन्मतःच नसतात. त्यामुळे तो भाग सैल पडत नाही, आकसलेलाच राहतो. मल पुढे सरकत नाही, पोट फुगते, उलट्या होतात आणि वेळीच उपाय न झाल्यास आतड्याला सूज येऊन बालक दगावते. आज शस्त्रक्रियेने बहुतेक बालके वाचतात. शस्त्रक्रियेच्या पलीकडे जाऊन नसलेल्या चेतापेशी मूलपेशींच्या साहाय्याने पुन्हा रुजविता येतील काय, हा प्रश्न गेल्या सुमारे दोन दशकांत प्रयोगशाळांनी गांभीर्याने हाती घेतला आहे.

या प्रश्नाचे आजचे स्वरूप समजण्यासाठी त्याचा इतिहास पाहणे आवश्यक ठरते. ‘स्टेम सेल’ हा शब्द आता जाहिरातींतूनही सर्वसामान्य घरांत पोहोचला आहे आणि आजारी मुलाच्या आईवडिलांना त्यातील आशा व पुरावा वेगळा करणे सोपे नसते. या व्याधीच्या शोधास साठ वर्षे का लागली, उपचार चुकीच्या भागावर का होत राहिले आणि ते योग्य मार्गावर कसे आले, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. त्या इतिहासाच्या प्रकाशात मूलपेशी-संशोधनाची स्थितीही तपासली आहे.

१. व्याधीची ओळख आणि फुगलेल्या आतड्याचे वर्णन

पोट फुगणे व मल अडणे हे लक्षण प्राचीन वैद्यकास अपरिचित नव्हते. सुश्रुतसंहितेत उदररोगाचे आठ प्रकार सांगितले असून त्यांत बद्धगुदोदराचा समावेश आहे. आतडे उघडून अडथळा काढण्याची शस्त्रक्रियाही तेथे वर्णिली आहे. काही आधुनिक लेखकांनी बद्धगुदोदर म्हणजेच हिर्शस्प्रुंगची व्याधी असे समीकरण मांडले आहे. तथापि संहितेतील वर्णनात अन्नाबरोबर पोटात गेलेले केस, खडे इत्यादींनी आतडे अडल्याचा उल्लेख असल्याने हे समीकरण सावधपणेच घ्यावे लागते. लक्षणे सारखी असली म्हणजे व्याधी एकच असते असे नाही.

युरोपात फ्रेडरिक राउश या डच शरीररचनाशास्त्रज्ञाने १६९१ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलीच्या प्रचंड रुंदावलेल्या मोठ्या आतड्याची नोंद केली. ती या व्याधीची जुनी नोंद मानली जाते. परंतु व्याधीला नाव मिळाले ते कोपनहेगन येथील बालरोगतज्ज्ञ हाराल्ड हिर्शस्प्रुंग (१८३०–१९१६) यांच्यामुळे. कोपनहेगनच्या क्वीन लुईस बालरुग्णालयाचे ते प्रमुख होते. बर्लिन येथील बालरोगतज्ज्ञांच्या सभेत १८८६ साली त्यांनी दोन मुलग्यांची हकीकत सांगितली. दोघांनाही जन्मापासून तीव्र मलावरोध होता आणि दोघेही वयाचे पहिले वर्ष पुरे होण्यापूर्वी मृत्यू पावले. शवविच्छेदनात मोठे आतडे अतिशय रुंदावलेले व त्याची भित्ती जाड झालेली आढळली. गुदाशय मात्र रुंदावलेला नव्हता. हा वृत्तांत १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

हिर्शस्प्रुंग यांचे निरीक्षण काटेकोर होते. मात्र वृत्तांताच्या शीर्षकातच नवजात बालकांच्या मलावरोधाचे कारण मोठ्या आतड्याची रुंदी व वाढ हे असल्याचे म्हटले होते. जो भाग विकृत दिसत होता तोच रोगाचे मूळ ठरला आणि जो भाग सामान्य दिसत होता तो निर्दोष मानला गेला. प्रत्यक्षात परिस्थिती याच्या उलट होती. रुंदावलेला भाग निरोगी असून खालच्या अडथळ्याविरुद्ध झगडता झगडता तो ताणला गेला होता. अरुंद व साधा दिसणारा भाग हाच रोगग्रस्त होता. पुढे ‘मेगाकोलन’, म्हणजे महाबृहदांत्र, हे जे नाव रूढ झाले त्यानेही ही समजूत दृढ केली.

२. आंत्र चेतासंस्थेचा समांतर शोध

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. व्याधीचे कारण ओळखण्यासाठी लागणारे शरीररचनेचे ज्ञान हिर्शस्प्रुंग यांच्या वृत्तांतापूर्वीच उपलब्ध झाले होते. जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग माइसनर यांनी १८५७ मध्ये आतड्याच्या आतील अस्तराखालचे चेताजाल वर्णिले. ब्रेस्लाउ येथील लेओपोल्ड आउअरबाख यांनी १८६० च्या दशकाच्या पूर्वार्धात आतड्याच्या दोन स्नायुस्तरांमधील दुसरे चेताजाल उजेडात आणले. आजही ही जाले त्यांच्याच नावांनी ओळखली जातात.

या जालांचे कार्य उलगडण्यास मात्र वेळ लागला. लंडनमध्ये विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १८९९ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून दाखविले, की आतड्यात एखाद्या ठिकाणी ताण दिला असता त्याच्या वरचा भाग आकुंचन पावतो आणि खालचा भाग सैल पडतो. बाहेरून येणाऱ्या चेता तोडल्या तरी ही प्रतिक्रिया टिकून राहते. यास त्यांनी आतड्याचा नियम म्हटले. अन्नाला पुढे ढकलणाऱ्या क्रमसंकोचाचे हे मूलभूत स्पष्टीकरण होते. पाउल ट्रेंडेलेनबुर्ग यांनी १९१७ मध्ये गिनीपिगच्या, शरीराबाहेर काढलेल्या आतड्यातही क्रमसंकोच घडतो हे सिद्ध केले. केंब्रिजचे जॉन लँगली यांनी १९२१ च्या आपल्या ग्रंथात स्वायत्त चेतासंस्थेचे तीन विभाग मानले. त्यांपैकी तिसरा स्वतंत्र विभाग म्हणजे आंत्र चेतासंस्था.

मानवी आतड्यातील चेतापेशींची संख्या वीस ते साठ कोटींच्या दरम्यान असावी असा अंदाज आहे. इतक्या मोठ्या यंत्रणेकडे शरीरक्रियाशास्त्राने दीर्घकाळ दुर्लक्ष केले. लँगली यांचा तिसरा विभाग पाठ्यपुस्तकांतून जवळजवळ नाहीसा झाला आणि स्वायत्त चेतासंस्था म्हणजे अनुकंपी व परानुकंपी असे दोनच विभाग शिकविले जाऊ लागले. अमेरिकी शास्त्रज्ञ मायकेल गर्शन यांच्यासारख्यांनी १९६० च्या दशकापासून आतड्यातील सेरोटोनिनविषयी केलेल्या संशोधनामुळे हा विषय पुन्हा पुढे आला. गर्शन यांच्या १९९८ च्या ‘द सेकंड ब्रेन’ या पुस्तकाने तो सामान्य वाचकांपर्यंत नेला.

बेलिस व स्टार्लिंग यांच्या नियमाचा एक अर्थ असा, की पुढील भाग सैल पडणे हे क्रमसंकोचाचे तितकेच आवश्यक अंग आहे. हे सैल पडणे चेतापेशींच्या आज्ञेने होते. चेतापेशी नसतील तर स्नायू आपोआप शिथिल होत नाही. तो आकसून राहतो. हिर्शस्प्रुंगच्या व्याधीचे गमक यात होते. परंतु शरीरक्रियाशास्त्राची प्रयोगशाळा आणि बालरुग्णालय यांच्यातील अंतर त्या काळी फार मोठे होते.

३. दुर्लक्षित नोंदी आणि चुकीच्या भागावरील उपचार

कारण कोणालाच दिसले नाही असेही नाही. टिटेल यांनी १९०१ मध्ये अशा एका बालकाच्या आतड्यातील गुच्छिकांच्या अभावाकडे लक्ष वेधले. इटलीतील दाल्ला व्हाले यांनी १९२० मध्ये अशाच निरीक्षणाची नोंद केली. रॉबर्टसन व कर्नोहन यांनी १९३८ मध्ये आणि टिफिन, चँडलर व फेबर यांनी १९४० मध्ये आतड्याच्या चेताजालातील दोष हाच विकाराच्या मुळाशी असल्याचे सुचविले. तरीही या नोंदी विखुरलेल्या राहिल्या. रोग फुगलेल्या भागात आहे, या प्रचलित समजुतीत त्यांना जागा नव्हती. काही अभ्यासकांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासला तोही फुगलेलाच भाग. तेथे चेतापेशी व्यवस्थित आढळल्यामुळे चेतादोषाची शक्यताच फेटाळली गेली. प्रश्न चुकीच्या जागी विचारला असता अचूक निरीक्षणही दिशाभूल करते, याचे हे उदाहरण म्हणावे लागेल.

उपचारांचे स्वरूपही याच समजुतीने ठरले. रेचके, बस्ती आणि पोटाचे मर्दन हे सौम्य उपाय होते. शल्यचिकित्सक फुगलेला भाग कापून टाकीत व उरलेले आतडे खालच्या अरुंद भागाला जोडीत. म्हणजे निरोगी भाग जाई आणि रोगग्रस्त भाग राही. काही काळाने वरचे आतडे पुन्हा फुगे. ऑस्ट्रेलियातील वेड व रॉयल यांनी १९२७ मध्ये दुसराच मार्ग मांडला. अनुकंपी चेतांच्या अतिरेकी प्रभावामुळे आतडे मंदावते असे गृहीत धरून त्यांनी कमरेच्या भागातील त्या चेता तोडण्याची शस्त्रक्रिया सुचविली. या पद्धतीचा पुढे बराच प्रसार झाला. काही रुग्णांना तात्पुरता आराम पडला, परंतु व्याधी कायम राहिली.

या सहा दशकांतील चिकित्सकांवर अज्ञानाचा ठपका ठेवणे योग्य होणार नाही. बालकांवर मोठी शस्त्रक्रिया करणे, भूल देणे, शस्त्रक्रियेनंतर संसर्ग टाळणे या सर्वच गोष्टी तेव्हा कठीण होत्या. तथापि एक निष्कर्ष टाळता येत नाही. उपचाराची घाई कारणाच्या निश्चितीपेक्षा पुढे धावली, की तात्पुरता आराम हाच पुरावा मानला जातो. चेता तोडण्याच्या शस्त्रक्रियेने नेमके हेच घडले.

४. १९४८ : दाब, सूक्ष्मदर्शक आणि शस्त्रक्रिया यांचा संगम

परिस्थिती पालटली ती बोस्टन येथील बालरुग्णालयात. स्वीडनमध्ये जन्मलेले व लहानपणीच अमेरिकेत आलेले ऑर्वर स्वेन्सन (१९०९–२०१२) तेथे शल्यचिकित्सक होते. ज्या मुलांच्या पोटावर मलविसर्जनासाठी कृत्रिम मार्ग काढला होता, ती चांगली बाळसे धरीत हे त्यांच्या लक्षात आले. तो मार्ग बंद करून आतडे पूर्ववत जोडले, की लक्षणे परत येत. फुगलेला भाग रोगट असता तर केवळ मल वरच्या बाजूने बाहेर काढल्याने तो सुधारला नसता. अडथळा त्याच्या खाली असला पाहिजे असा तर्क स्वेन्सन यांनी केला.

हा तर्क त्यांनी मोजमापाने पडताळला. आतड्यात लहान फुगे ठेवून त्यांच्यावरील दाबाची नोंद घेण्यात आली. वरच्या भागात क्रमसंकोचाच्या लाटा स्पष्ट उमटत, पण अरुंद भागापाशी येऊन त्या थांबत. मग अरुंद भाग काढून निरोगी आतडे खाली ओढून गुदद्वाराजवळ जोडायचे व मलविसर्जनावर ताबा ठेवणारा स्नायू राखायचा, अशी शस्त्रक्रिया त्यांनी आखली. तिचा सराव आधी कुत्र्यांवर करण्यात आला. अलेक्झांडर बिल यांच्यासह तिचा वृत्तांत त्यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केला.

त्याच वर्षी डेट्रॉइटमध्ये झुल्झर व विल्सन यांनी आतड्याच्या अवरोधाने आजारी झालेल्या अकरा अर्भकांत चेतादोष असल्याचे दाखविले आणि व्हाइटहाउस व कर्नोहन यांनी अरुंद भागातील चेताजालाचा पद्धतशीर अभ्यास मांडला. लंडनमधील बोडियन व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये तोच निष्कर्ष काढला. शरीरक्रिया, विकृतिशास्त्र व शल्यचिकित्सा या तीन शाखांचा पुरावा अशा रीतीने एकाच सुमारास एकाच जागी येऊन मिळाला. साठ वर्षे विखुरलेल्या नोंदींना तेव्हा अर्थ प्राप्त झाला.

५. शस्त्रक्रियेचे यश आणि तिच्या मर्यादा

यानंतरचा काळ तंत्रसुधारणेचा आहे. फ्रान्समध्ये ड्युआमेल यांनी १९५६ मध्ये व इटलीत सोआवे यांनी १९६० च्या दशकात पर्यायी पद्धती दिल्या. हेलन नोब्लेट यांनी १९६९ मध्ये गुदाशयाच्या अस्तराचा सूक्ष्म तुकडा शोषून काढण्याचे उपकरण वर्णिले. त्यामुळे भूल न देता निदान करणे शक्य झाले. १९९० च्या दशकात दुर्बिणीच्या साहाय्याने आणि मेक्सिकोतील शल्यचिकित्सकांनी १९९८ मध्ये वर्णिल्याप्रमाणे केवळ गुदमार्गातून शस्त्रक्रिया होऊ लागली. ज्या व्याधीत एकेकाळी बहुतेक बालके दगावत, तिच्यात मृत्यू विरळा झाला. विसाव्या शतकातील बालशल्यचिकित्सेचे हे मोठे यश होय.

तथापि शस्त्रक्रिया चेतापेशी परत देत नाही. ज्या भागात त्या नाहीत तो भाग काढून टाकते, एवढेच. सुमारे ऐंशी टक्के रुग्णांत हा भाग गुदाशय व त्यालगतच्या आतड्यापुरता असतो. परंतु काहींत संपूर्ण मोठे आतडे आणि क्वचित लहान आतड्याचाही भाग चेताहीन असतो. तेथे कापण्यास मर्यादा पडते. कारण पोषणासाठी लहान आतडे पुरेसे शिल्लक राहावे लागते. यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही काही मुलांना मलावरोध, मलविसर्जनावरील ताबा नसणे किंवा आतड्याची वारंवार सूज यांना तोंड द्यावे लागते. शाळेत जाणाऱ्या मुलाच्या दृष्टीने ही अडचण केवळ शारीरिक नसते. वर्गातील बाक, मित्रांची संगत, सहल, परीक्षा या सर्वांवर तिची छाया पडते. मूलपेशींच्या संशोधनास प्रेरणा मिळाली ती या शिल्लक राहिलेल्या दुःखातून.

६. चेतापेशी कोठून येतात : भ्रूणविज्ञानाचे योगदान

नसलेल्या पेशी परत आणायच्या तर त्या मुळात येतात कोठून हे ठाऊक असावे लागते. याचे उत्तर भ्रूणविज्ञानाने दिले. विल्हेल्म हिस यांनी १८६८ मध्ये कोंबडीच्या भ्रूणात पाठीच्या बाजूस पेशींचा एक पट्टा पाहिला होता. त्यालाच पुढे न्यूरल क्रेस्ट, म्हणजे चेताशिखा, असे नाव मिळाले. यंतेमा व हॅमंड यांनी १९५४ मध्ये कोंबडीच्या भ्रूणातील चेताशिखेचा ठरावीक भाग काढून टाकला, तेव्हा आतड्यात गुच्छिका तयार झाल्या नाहीत. आतड्याच्या चेतापेशी आतड्यात जन्मत नाहीत, दुरून प्रवास करून तेथे पोहोचतात, हे यावरून सूचित झाले.

फ्रेंच शास्त्रज्ञ निकोल ल दुआरँ यांनी १९६९ मध्ये एक सुंदर पद्धत शोधली. लावा पक्ष्याच्या पेशींचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली कोंबडीच्या केंद्रकापेक्षा वेगळे दिसते. लाव्याच्या चेताशिखेचा तुकडा कोंबडीच्या भ्रूणात बसविला, की त्या पेशी कोठे जातात याचा माग काढता येतो. या पद्धतीने ल दुआरँ व तेये यांनी १९७३ मध्ये दाखविले, की आतड्यातील बहुतांश चेतापेशी मानेलगतच्या भागातून येतात आणि शेवटच्या आतड्यास काही पेशी त्रिकास्थीच्या भागातून मिळतात. त्याआधी १९६७ मध्ये ओकामोतो व उएदा या जपानी संशोधकांनी मानवी भ्रूणांच्या अभ्यासातून गर्भाच्या पाचव्या ते बाराव्या आठवड्यादरम्यान या पेशी अन्ननलिकेपासून गुदद्वाराकडे सरकत असल्याचे नोंदविले होते.

हिर्शस्प्रुंगच्या व्याधीत चेताहीन भाग नेहमी शेवटाकडून का सुरू होतो, याचे स्पष्टीकरण त्यातून मिळाले. पेशींचा प्रवास अपुरा राहिला, तर जो भाग सर्वांत शेवटी असतो तोच रिता राहतो.

प्रवास अपुरा का राहतो, याचे उत्तर जनुकशास्त्राने दिले. १९९४ मध्ये इटली व फ्रान्समधील दोन गटांनी दहाव्या गुणसूत्रावरील ‘रेट’ या जनुकातील दोष या व्याधीशी निगडित असल्याचे दाखविले. त्याच वर्षी कोलकात्यात जन्मलेले आणि भारतीय सांख्यिकी संस्थेत शिकलेले जनुकशास्त्रज्ञ अरविंद चक्रवर्ती यांच्या गटाने अमेरिकेतील मेनोनाइट समाजाच्या अभ्यासातून एंडोथेलिन-बी ग्राही जनुकाचा संबंध उलगडला. ‘रेट’च्या आज्ञेवर पेशी जगतात, वाढतात व पुढे सरकतात. मात्र एका जनुकाने सर्व प्रकरणांचे स्पष्टीकरण होत नाही. चक्रवर्ती यांच्याच गटाने २००५ मध्ये ‘रेट’चे नियमन करणाऱ्या भागातील एक सामान्य बदलही धोका वाढवितो असे दाखविले. व्याधी अनेक जनुकांच्या संयोगाने घडते, ही समजूत त्यामुळे स्थिरावली.

७. मूलपेशी-संशोधनाची वाटचाल

शरीरातील विविध प्रकारच्या पेशी निर्माण करण्याची आणि स्वतःसारख्या पेशी टिकविण्याची क्षमता असणाऱ्या पेशीस मूलपेशी म्हणतात. मिशिगन विद्यापीठातील शॉन मॉरिसन यांच्या गटाने २००२ मध्ये प्रौढ उंदरांच्या जातीतील प्राण्यांच्या आतड्यातही चेताशिखेच्या मूलपेशी शिल्लक असतात असे दाखविले. वय वाढते तशी त्यांची क्षमता कमी होते, हेही त्याच अभ्यासात आढळले. पुढच्याच वर्षी लंडनमधील संशोधकांनी अशा पेशींचे गोळे प्रयोगशाळेत वाढविले. २००९ मध्ये लंडनमध्येच बालकांच्या आतड्याच्या अस्तरातून दुर्बिणीने घेतलेल्या लहान तुकड्यांतून चेतापेशींच्या पूर्वपेशी मिळविण्यात आल्या. रुग्णाच्याच शरीरातील निरोगी भागातून पेशी घेऊन त्या चेताहीन भागात रुजविण्याची कल्पना यामुळे आवाक्यात आल्यासारखी वाटू लागली. पेशी रुग्णाच्याच असल्याने शरीराकडून त्या नाकारल्या जाण्याची भीतीही कमी होती.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात जन्मलेल्या उंदरांच्या आतड्यात रोपलेल्या पेशींपासून कार्यक्षम चेतापेशी तयार झाल्या व त्या यजमान प्राण्याच्या चेताजालाशी जोडल्या गेल्या. २०१७ मध्ये लंडनच्या गटाने एका विशिष्ट प्रकारच्या चेतादोषाच्या उंदरांत रोपणानंतर मोठ्या आतड्याची हालचाल सुधारल्याचे नोंदविले.

दुसरा मार्ग बहुशक्तिक मूलपेशींचा आहे. १९९८ मध्ये जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणीय मूलपेशी वेगळ्या केल्या. २००६ मध्ये शिन्या यामानाका यांनी उंदराच्या सामान्य पेशींना आणि २००७ मध्ये मानवी पेशींना मूलपेशींच्या अवस्थेत परत नेले. या कार्यासाठी त्यांना २०१२ चे नोबेल पारितोषिक जॉन गर्डन यांच्यासह मिळाले. न्यूयॉर्कमधील लोरेन्झ स्टुडर यांच्या गटाने २०१६ मध्ये मानवी बहुशक्तिक पेशींपासून आंत्र चेतापेशींच्या पूर्वपेशी तयार केल्या. हिर्शस्प्रुंगच्या व्याधीशी साम्य असलेल्या उंदरांत त्यांचे रोपण केले असता त्या पेशी मोठ्या आतड्यात दूरवर पसरल्या आणि उंदरांचे जगण्याचे प्रमाण वाढले. २०१७ मध्ये सिनसिनाटीतील संशोधकांनी चेतापेशींसह मानवी आतड्याची लघुप्रतिकृती प्रयोगशाळेत वाढविली. माँट्रियलच्या एका गटाने २०२० मध्ये अगदी निराळी दिशा दाखविली. पेशी बाहेरून न देता चेतापेशींच्या वाढीस पोषक असलेले एक प्रथिन बस्तीवाटे दिले असता, उंदरांत आतड्यातल्याच काही पेशींपासून नव्या चेतापेशी निर्माण झाल्या.

या प्रयोगांचे महत्त्व निर्विवाद असले तरी त्यांची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. हे प्रयोग मुख्यतः उंदरांवरील आहेत. उंदराचे आतडे व मानवी बालकाचे आतडे यांच्या लांबीत मोठा फरक आहे. तेवढ्या क्षेत्रात पेशी पसरविणे हा वेगळाच प्रश्न आहे. क्रमसंकोचासाठी आकुंचन घडविणाऱ्या व शिथिल करणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या चेतापेशी योग्य प्रमाणात, योग्य थरात व योग्य जोडणीसह लागतात. बहुशक्तिक पेशींपासून अर्बुद उद्भवण्याचा धोका दूर झाला आहे याची खात्री करावी लागते. पेशी रुग्णाच्याच असतील तर मूळ जनुकदोषही त्यांच्याबरोबर येतो. शिवाय चेताहीन भागातील स्नायू व भोवतालचे वातावरणही बदललेले असू शकते. रोपणानंतर उंदीर अधिक जगले, तर ते नव्या चेतापेशींमुळे की अन्य परिणामामुळे, हेही प्रत्येक वेळी सिद्ध करावे लागते. चेता तोडण्याच्या जुन्या शस्त्रक्रियेनंतर मिळालेला आराम आठवला, की या शेवटच्या प्रश्नाचे मोल कळते.

८. संबंधित विकार व भारतीय नियमन

हा प्रश्न एकाच व्याधीपुरता नाही. ॲकॅलेशिया या विकारात अन्ननलिकेच्या खालच्या टोकातील चेतापेशी नंतरच्या आयुष्यात नष्ट होतात. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७४ मध्ये अशा रुग्णाची अन्ननलिका देवमाशाच्या हाडाच्या काडीला स्पंज बांधून रुंदावल्याचे लिहून ठेवले आहे. ब्राझीलमध्ये कार्लोस चागास यांनी १९०९ मध्ये शोधलेल्या परोपजीवी रोगात आतड्यातील चेतापेशी मोठ्या प्रमाणावर मरतात आणि अन्ननलिका व मोठे आतडे फुगते. मधुमेहात जठराची हालचाल मंदावण्यामागेही चेताविकाराचा वाटा असतो. कारणे वेगवेगळी असली तरी चेतापेशींचा ऱ्हास वा अभाव हा यांतील समान धागा आहे. म्हणून एका व्याधीतील प्रगतीकडे इतर रुग्णांचेही लक्ष लागलेले आहे.

हे लक्ष लागणे स्वाभाविक असले तरी त्याचा गैरफायदा घेतला जाण्याची शक्यताही तेथेच निर्माण होते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये मूलपेशी-संशोधन व उपचार यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. २०१३ च्या सुधारित आवृत्तीच्या शीर्षकातून ‘उपचार’ हा शब्द जाणीवपूर्वक वगळण्यात आला. रक्तविकारांसाठी मान्य असलेले रक्तजनक मूलपेशींचे रोपण सोडता अन्य वापर हा संशोधनाचा भाग असून तो मान्य चिकित्सा-चाचणीच्या चौकटीतच व्हावा, ही भूमिका त्यातून स्पष्ट झाली. २०१७ च्या आवृत्तीत ती कायम राहिली. शीर्षकातील एक शब्द गाळणे ही वरवर क्षुल्लक वाटणारी कृती आहे. परंतु आशा आणि पुरावा यांतील अंतर शासकीय दस्तऐवजाने मान्य केल्याचा तो पुरावा आहे. आतड्याच्या चेताविकारांवर मूलपेशींचा उपचार आज नित्याच्या चिकित्सेचा भाग झालेला नाही आणि तो तसा असल्याचे सांगून पैसे घेणाऱ्याचा दावा या कसोटीवर उतरत नाही.

समारोप

हिर्शस्प्रुंगच्या व्याधीचा इतिहास तीन टप्प्यांत पाहता येतो. पहिल्या टप्प्यात वैद्यकाने फुगलेला भाग पाहिला आणि त्यावरच उपचार केले. दुसऱ्या टप्प्यात अरुंद भागातील अभाव ओळखला व तो भाग काढून टाकला. तिसऱ्या टप्प्यात तो अभाव भरून काढण्याचा प्रयत्न सुरू आहे. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात जाण्यास सुमारे साठ वर्षे लागली. आउअरबाख यांचे चेताजाल, टिटेल यांची नोंद आणि बेलिस व स्टार्लिंग यांचा नियम हे सर्व हाताशी होते. परंतु शरीररचना, शरीरक्रिया व शल्यचिकित्सा या शाखा आपापल्या परीने काम करीत राहिल्या. त्या एकत्र आल्या तेव्हा उत्तर काही महिन्यांत स्पष्ट झाले. विद्याशाखांच्या परस्परसंवादाचे महत्त्व प्रतिपादणाऱ्या प्रत्येक अध्यापकास हे उदाहरण उपयुक्त ठरावे.

मूलपेशींबाबतही हाच बोध लागू होतो. भ्रूणविज्ञान, जनुकशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, बालशल्यचिकित्सा व वैद्यकीय नीती यांनी एकत्रित पडताळणी केल्यावाचून हा उपचार विश्वासार्ह होणार नाही. पोटावर कृत्रिम मलमार्ग काढलेल्या मुलांचे स्वेन्सन यांनी बारकाईने निरीक्षण केले, दाब मोजला, प्राण्यांवर सराव केला आणि मगच बालकावर शस्त्र चालविले. ज्या मुलांना आजही शस्त्रक्रियेने पूर्ण आराम पडत नाही, त्यांच्यासाठी संशोधनाची गती वाढणे निकडीचे आहे. मात्र ती गती पुराव्याला सोडून असू नये, कारण पुराव्याआधी केलेल्या उपचारांची किंमत या व्याधीच्या इतिहासात बालकांनीच चुकविली आहे.